कारागीर ओळखावा कानावरून

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही अकरा वर्षे नायजेरियात, लागोसला होतो, निवृत्तीनंतर आता नेरुळला राहतो. परतताना तेथील एका विक्रेत्याकडून दोन लाकडी बाहुल्या घेतल्या. प्रत्येक साधारण वीतभर उंच आहे. विक्रेत्याने सांगितले, की दोन्ही एकाच योरूबा कारागिराच्या हातच्या असून पहिली त्याच्या उमेदवारीच्या काळातील, तर दुसरी उतारवयातील आहे. पहिलीचे नाकडोळे जवळजवळ सपाट आहेत, दुसरीचे रेखीव आणि धारदार. आमचे जावई म्हणतात, हात बसत गेला की काम असेच सुधारते. परंतु जी मूर्ती परंपरेने आधीच ठरवून दिली आहे, ती घडवणाऱ्याची स्वतःची शैली आयुष्यभरात अशी बदलत जाते का? छायाचित्रे सोबत पाठवली आहेत. जाता जाता, या बाहुल्या स्वच्छ कशा कराव्यात तेही सांगावे.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : आपली छायाचित्रे मोठी करून पाहिली. आधी त्या सपाट चेहऱ्याबद्दलच लिहितो, कारण सगळा घोळ तेथूनच सुरू झाला आहे. आपण ज्यांना बाहुल्या म्हणता त्या ‘एरे इबेजी’, म्हणजे जुळ्यांच्या मूर्ती आहेत. जुळी मुले जन्मण्याचे प्रमाण जगात ज्या समाजांत सर्वांत जास्त आहे, त्यांत योरूबा येतात. पूर्वी जुळ्यांपैकी एखादे मूल दगावले, की घरचे लोक दैवज्ञाला विचारून त्या मुलाची मूर्ती कोरून घेत. ती कोनाड्यात ठेवून विसरून जायची वस्तू नव्हती. आई तिला न्हाऊमाखू घाली, तेल आणि तांबड्या लाकडाची भुकटी चोळी, तोंडाला घास लावी, वस्त्रात खोचून बरोबर नेई. वर्षानुवर्षे असे लाड झालेल्या मूर्तीचे नाकडोळे, आपल्याकडे देव्हाऱ्यातल्या टाकांवरचे चेहरे पुसट होतात तसे, झिजून गुळगुळीत होतात. तेव्हा आपली पहिली मूर्ती कच्च्या हाताची नाही, पुष्कळ हातांतून गेलेली आहे. दुसरी मात्र कोणी कधी न्हाऊ घातल्यासारखी दिसत नाही; ती विक्रीसाठीच केली असावी, असे माझे मत आहे. पहिलीच्या केसांत जो निळा रंग शिल्लक आहे, तो झाडपाल्याच्या निळीचा किंवा पुढे बाजारात आलेल्या, कपड्यांना घालायच्या निळीचा असणार. योरूबा घरांत या दोन्ही निळी अशा मूर्तींच्या केसांना लावल्या जात.

आता मूळ प्रश्न. परंपरेने काय ठरवून दिलेले असते, हे आधी पाहावे लागेल. या मूर्ती मेलेल्या तान्ह्या मुलांच्या असूनही त्यांचे शरीर भर तारुण्यातले असते, आणि डोके एकूण उंचीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतके मोठे असते, कारण ‘ओरी’, म्हणजे डोके, हेच माणसाच्या नशिबाचे ठिकाण मानले आहे. रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन या अमेरिकन अभ्यासकाने १९६०च्या दशकात योरूबा गावांतून फिरून, लोक मूर्तींतले चांगले-वाईट कसे निवडतात याची चौकशी केली, तेव्हा त्याला नेमके शब्द मिळाले. माणूस उमेदीच्या वयाचा दिसावा हा एक निकष, त्याला ‘ओडो’ म्हणतात. मूर्ती माणसासारखी दिसावी, पण हुबेहूब अमक्यासारखी दिसू नये, या मधल्या मापाला ‘जिजोरा’ असा शब्द आहे. कडा आणि उठाव लांबून स्पष्ट ओळखू आले पाहिजेत, आणि पृष्ठभागावर उजेड खेळला पाहिजे, हेही त्यात येते. या मर्यादा कारागीर मोडत नाही. त्याला त्या मोडाव्याशा वाटतात असेही दिसत नाही. मग शैलीला जागा राहते कोठे?

ती जागा कामाच्या टप्प्यांत आहे. केविन कॅरॉल या कॅथलिक धर्मगुरूंनी एकिती भागातील कारागिरांजवळ बसून हे टप्पे नोंदवून ठेवले आहेत. ओल्या, ताज्या तोडलेल्या ओंडक्यावर वाकसाने ढोबळ आकार काढणे ही पहिली पायरी, ‘ओना लिले’. डोके कोठे संपते, छाती कोठे सुरू होते, गुडघे किती वाकतात हे येथेच ठरते. येथे चुकलेले प्रमाण पुढे कोणालाच सुधारता येत नाही, म्हणून हे काम बहुधा गुरू करतो. मग त्या ढोबळ आकारांचे लहान आकार करणे, मग सुरीने आणि पटाशीने अंग साफ करणे, आणि शेवटी ‘फिफिन’, म्हणजे धारदार पात्याने केसांच्या वेण्या, गालावरच्या कुळाच्या खुणा, पापण्या, दागिने कातणे. साफ करण्याचे कंटाळवाणे काम शिष्यांकडे असते आणि अखेरच्या पात्याला पुन्हा गुरूचा हात लागतो. आपण ज्याला एका माणसाची मूर्ती म्हणतो ती अशी दोन-तीन हातांची असते, पण तिची सुरुवात आणि शेवट एका हाताचा असतो.

ठाण्यात चरईजवळ गणपतीचा एक लहान कारखाना आहे, तेथे मी दर वर्षी आषाढात जाऊन बसतो. तेथील म्हातारे मूर्तिकार आता साच्याला हात लावत नाहीत, घासकामही करत नाहीत. मुले मूर्ती वाळवून, पांढरा हात मारून त्यांच्यापुढे रांगेने ठेवतात आणि ते फक्त डोळ्यांची आखणी करतात. त्यांच्या तरुणपणी रंगवलेल्या मूर्तीचे एक जुने छायाचित्र भिंतीवर आहे. त्यात बुबुळ डोळ्याच्या मधोमध आहे. आता ते किंचित खाली उतरले आहे, इतके किंचित की शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळू नये. मूर्ती चौरंगावर उंच बसते आणि माणूस खाली उभा असतो, हे ध्यानात आल्यापासून नजर खाली आणली, असे त्यांनी सांगितले. सोंड, मुकुट, आसन हे सगळे गिऱ्हाईक सांगेल तसे. योरूबा कारागिराचा बदलही बहुतेक असाच, दोन-चार सुतांचा असतो.

म्हणूनच या विषयातले जाणकार चेहऱ्याकडे नंतर आणि कानाकडे आधी पाहतात. चेहऱ्यावरच्या खुणा मूल कोणत्या कुळातले त्यावर ठरतात, केशरचना रिवाजाप्रमाणे, दागिने घरच्यांच्या इच्छेप्रमाणे. कान कसा असावा हे मात्र कारागिराला कोणीच सांगत नाही. तेथे हात सवयीने चालतो. कोणाचा कान नालेच्या आकाराचा, कोणाच्या कानात मधोमध एक उभी पट्टी, कोणाचा कान डोक्याच्या इतका मागे लावलेला की समोरून दिसतच नाही. एकदा बसलेली ही सवय कारागीर सहसा सोडत नाही. इटालियन चित्रांच्या बाबतीत मोरेली नावाच्या परीक्षकाने १९व्या शतकात हीच युक्ती वापरली होती. आपण घरी दोन्ही मूर्ती पाठमोऱ्या ठेवून कानांची मागची बाजू, मानेवरची केसांची कड आणि पायाखालच्या बैठकीचा काठ पाहा. छायाचित्रांत जेवढे दिसते तेवढ्यावरून सांगायचे, तर दोन्हींचे कान एकमेकांचे नातेवाईकही वाटत नाहीत. विक्रेत्याने आपल्याला दोन मूर्तींबरोबर एक गोष्टही विकली आहे.

हात बसला की काम सुधारते, हे आपल्या जावयांचे म्हणणे पहिल्या दहा-बारा वर्षांपुरते खरे आहे. मुलगा लहानपणीच बापाकडे किंवा दुसऱ्या गुरूकडे जातो, आणि त्या काळात त्याचे काम गुरूच्या कामातून वेगळे निवडता येऊ नये यातच त्याची पात्रता असते. अबेओकुटा शहरात अडुग्बोलोगे हे कारागिरांचे नामांकित घराणे आहे. तेथील दोन पिढ्यांच्या जुळ्यांच्या मूर्ती एकमेकींच्या इतक्या जवळ जातात, की कोणती बापाची आणि कोणती मुलाची यावर संग्राहक अजून वाद घालतात. नंतरची वाट मात्र सरळ चढणीची नसते. नाव झाले की कामे वाढतात, कामे वाढली की शिष्य वाढतात, आणि शिष्य वाढले की गुरूच्या नावाने बाहेर पडणारी एखादी मूर्ती त्याच्या पंचविशीतल्या कामापेक्षा ढिली निघू शकते. त्यामुळे केवळ सफाईवरून वय ठरवू नये.

प्रश्न : योरूबा कोरीव कामाच्या पुस्तकांत सायकलवर बसलेली माणसे, डोलीतला गोरा साहेब, येशूच्या जन्माचे देखावे पाहिले. इंग्रज आणि मिशनरी आल्यानंतर या कारागिरांनी शैली बदलली ती गिऱ्हाइकासाठीच ना? अशा कामाला पारंपरिक म्हणावे का? मी कला महाविद्यालयात शिकते आणि आमच्या वर्गात यावरून बराच वाद झाला.
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : गिऱ्हाईक नसलेला पारंपरिक कारागीर मला कोठे आढळलेला नाही. योरूबा कारागिराला मूर्ती सांगायला येई ती मूल गमावलेली आई, शांगो देवाचा भक्त किंवा राजा. काम सांगितल्याशिवाय कोणी ओंडका फोडत नसे. तेव्हा ‘गिऱ्हाइकासाठी बदलला’ हा आरोप होऊ शकत नाही. नव्या मागणीपुढे त्याच्या हाताने काय केले, एवढेच पाहायचे.

आपण म्हणता तो डोलीतला साहेब ओलोवे या कारागिराच्या दरवाजावर आहे. ओलोवे १८७३च्या सुमारास एफॉन-अलाये येथे जन्मला, इसे गावच्या राजाच्या आश्रयाने राहिला आणि १९३८ मध्ये वारला. इकेरेच्या राजवाड्यासाठी, म्हणजे तेथील राजासाठी (त्याला ‘ओगोगा’ म्हणतात), त्याने १९१० ते १९१४ या काळात दरवाजे आणि ओसरीचे खांब कोरले. दरवाजाच्या एका फळीवर ओगोगा सिंहासनावर बसला आहे आणि मागे त्याची पट्टराणी उभी आहे. दुसऱ्या फळीवर हमालांनी उचललेल्या डोलीत अंग चोरून बसलेला इंग्रज अधिकारी येतो आहे. कोणाकडे कोण आले हे पाहणाऱ्याला विचारावे लागत नाही. १९२४ मध्ये हा दरवाजा लंडनजवळ वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनात मांडला गेला. ब्रिटिश म्युझियमला तो हवा होता. राजाने बदल्यात इंग्लंडमध्ये घडवलेले सिंहासन मागून घेतले आणि मग दरवाजा दिला. व्यवहार म्हणूनही तो मला आवडतो.

पण शैलीच्या दृष्टीने साहेब महत्त्वाचा नाहीच. महत्त्वाचा आहे तो उठाव. एकितीतल्याच ओसी-इलोरिनचा आरेओगुन हा ओलोवेपेक्षा काही वर्षांनी लहान, १८८०च्या सुमारास जन्मलेला आणि १९५४ मध्ये वारलेला. त्याच्या दरवाजांवरची माणसे फळीला धरून, रांगेने, शांत उभी असतात. एकेक पट्टी सावकाश वाचत जावी अशी ती रचना असते. ओलोवेची माणसे फळीतून बाहेर येतात. त्यांचे पाय बाजूने चालताना दिसतात आणि डोकी पाहणाऱ्याकडे वळलेली, इतकी उंच कोरलेली, की त्यांची सावली मागच्या रंगीत नक्षीवर पडते. एकाच भाषेचे, एकाच प्रदेशाचे आणि जवळजवळ एकाच पिढीचे हे दोन कारागीर, पण एकाचे काम दुसऱ्याचे म्हणून खपवता येणार नाही. परंपरेत माणसाला जागा नसते असे ज्यांना वाटते, त्यांना आपण वर्गात ही दोन छायाचित्रे शेजारी ठेवून दाखवा.

ओलोवेच्या हाताची पुढची वाट एका कटोऱ्यात दिसते. हा कटोरा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील आफ्रिकी कलेच्या संग्रहालयात आहे आणि तो १९२५च्या सुमाराचा मानतात. गुडघे टेकलेली एक स्त्री हातांत झाकणाचा कटोरा धरून आहे आणि झाकणावर मुली नाचत आहेत, एवढे इतर कारागिरांनीही केले असते. त्या कटोऱ्याच्या खाली, आधार देणाऱ्या लहान मूर्तींचे एक पिंजऱ्यासारखे कडे आहे, आणि त्या पिंजऱ्यात एक सुटे डोके आहे. ते हलते, घरंगळते, पण बाहेर निघत नाही, कारण ते बाहेरून घातलेले नाही. आजूबाजूचे लाकूड पोखरत नेऊन त्याच ओंडक्यातून ते आतल्या आत सुटे केलेले आहे. दरवाजावर ज्याने माणसांची डोकी फळीपासून जवळजवळ सोडवली होती, त्याने पन्नाशीत एक डोके खरोखरच सोडवले. असा कटोरा कर, असे कोणी सांगितले असेल. आत सुटे डोके ठेव असे कोणी सांगितले असेल, असे मला वाटत नाही.

आता मिशनऱ्यांविषयी. १९४७ ते १९५४ या काळात ओये-एकिती येथे कॅथलिक मिशनची एक कार्यशाळा चालत असे. मागे उल्लेखलेले केविन कॅरॉल तेथे होते. आरेओगुनचा मुलगा बांदेले तेथला प्रमुख कारागीर होता. इला-ओरांगुनच्या कारागीर घराण्यातला लमिदी फाकेये हा तरुण तेथे आला, तेव्हा तो नवखा नव्हता. घरी वडिलांकडून शिकलेला होता. तरीही त्याला बांदेलेच्या हाताखाली पुन्हा शिष्य व्हावे लागले. एका घराण्याची तालीम घेतलेल्या गवयाने दुसऱ्या घराण्याचा गंडा बांधावा, तसाच हा प्रकार, आणि तितकाच अवघड. कारण नवे शिकण्याआधी हाताने जुने सोडायचे असते. फाकेये धर्माने मुसलमान, कार्यशाळा ख्रिस्ती आणि त्यांची हत्यारे ओगुन या लोहदेवाच्या मालकीची. त्या कार्यशाळेतल्या देखाव्यांत बाळ येशूच्या भेटीला येणारे तीन राजे योरूबा राजांचे मुकुट घालून येतात. विषय आयात केलेला होता. गुडघे कसे टेकायचे, नजराणा दोन्ही हातांनी कसा धरायचा, हे त्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

पुढे फाकेये इले-इफे येथील ओबाफेमी अवोलोवो विद्यापीठात शिकवू लागले आणि तेथे त्यांनी योरूबांचा मूळपुरुष ओडुडुवा याची मूर्ती कोरली. २००९ मध्ये ते वारले. त्यांच्या उत्तर काळातील कामात सफाई विलक्षण आहे, पण मला तेथे थोडी उणीवही भासते, ती अशी की पृष्ठभाग इतका नीटनेटका झाला आहे, की वाकसाचा पहिला घाव आत जाणवत नाही. आरेओगुनच्या दरवाजात तो जाणवतो. ही माझी आवड झाली, निवाडा नव्हे. परंतु आपल्या वर्गातला वाद ‘अस्सल की बाटलेले’ या जोडीभोवती फिरण्यापेक्षा अशा पाहण्यावर आला, तर त्यातून काही हाती लागेल.

प्रश्न : हे कारागीर मूर्तीवर नाव घालत नसत असे वाचले. मग अमुक काम त्याच्या तरुणपणीचे आणि तमुक म्हातारपणीचे हे ठरवतात कसे?
— एक वाचक, कळवा

उत्तर : लाकडावर नाव नसे, पण गावाला ते ठाऊक असे. राजवाड्यातले खांब कोणत्या राजाच्या काळी बसले हे त्या राजाचे वंशज सांगू शकतात, आणि राजांच्या कारकिर्दी ठाऊक असल्या की खांबाचे वय कळते. ज्या वस्तू एखाद्या साली परदेशी गेल्या, त्या निदान त्या सालाआधीच्या, हे उघड आहे. १९२४चे प्रदर्शन असेच एक खुंटीसारखे साल आहे. अशा दोन-तीन पक्क्या वस्तू मिळाल्या, की बाकीच्या त्यांच्या मागेपुढे कान, डोळे, पाठीची रेघ जुळवून लावतात. घराघरांतल्या जुळ्यांच्या मूर्तींना मात्र असे साल क्वचितच मिळते, म्हणून त्यांच्या बाबतीत ‘सुमारे’ हा शब्द खोडू नये.

आणखी एक साधन आहे, ‘ओरीकी’. ही व्यक्तीची स्तुतिपर कवने असतात आणि ती तोंडपाठ ठेवली जातात. इंग्रजांच्या नोंदींत ओलोवेचे नाव दरवाजा लंडनला गेल्यानंतरही बऱ्याच उशिरा आले. इसे गावात ते कधीच हरवलेले नव्हते. १९८८ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूला पन्नास वर्षे झाल्यावर, जॉन पेम्बर्टन हे अभ्यासक तेथे गेले, तेव्हा ओलोवेच्या हयात असलेल्या एका पत्नीने त्याची ओरीकी म्हणून दाखवली आणि त्यांनी ती उतरवून घेतली. तिच्यात त्याने कोणकोणत्या गावी कामे केली हेही येते.

नेरुळच्या वाचकांचा निगा राखण्याविषयीचा प्रश्न राहिला. जुन्या मूर्तीला ओले फडके, साबण किंवा फर्निचरचे पॉलिश लावू नये. केसांतली नीळ पाण्याने सुटते आणि एकदा ओघळली की गालांवर उतरते. कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झटकावी, आणि पावसाळ्यात नेरुळच्या दमट हवेत मूर्ती बंद काचपेटीत कोंडू नये, उघड्या फळीवर ठेवावी. तळाला बारीक पिवळसर भुकटी दिसली, तर किडीची शंका घेऊन ती मूर्ती दुसरीपासून लगेच वेगळी करावी.